फोटोतला दगड

बांधवालीचा फोटो काढला म्हणून ती चिडली, असं गावातली अर्धी माणसं अजूनही सांगतात. साफ खोटं आहे. फोटो काय, कोणाचाही कोणीही काढावा. तिच्या स्वतःच्या लग्नातल्या फोटोत ती डोळे मिटून उभी आहे, आणि त्याबद्दल तिने आजवर कोणाला बोल लावलेला नाही. तिचा राग फोटोवर नव्हता, फोटोतल्या दगडावर होता. तो राग कळायचा तर आधी तिचं काम कळलं पाहिजे, आणि नेमकं तेच समजून घ्यायला कोणाला सवड नव्हती.

गाव डोंगराच्या अंगावर वसलेलं. सपाट म्हणून जी काही जागा आहे ती सगळी माणसांनी केलेली. उतारावर दगडांचा बांध घालायचा, त्याच्यामागे माती भरायची, की हातरुमालाएवढं शेत तयार होतं. घरं, अंगणं, वाटा, शाळेचं पटांगण, सगळं अशा बांधांवर उभं आहे. बांध कोरडा. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड, आणि मधल्या फटींतून पावसाचं पाणी निघून जातं. पाणी आत कोंडलं की भिंत कितीही जाड असो, ती जातेच. हे काम येणारी माणसं त्या सगळ्या खोऱ्यात तीन उरली होती, आणि त्यांतली एक बाई होती. म्हणून ती बांधवाली.

वय अठ्ठावन्न. उंची बेताची, तळहात रुंद, पायात गुडघ्यापर्यंत हिरवे रबरी बूट. बोलणं कमी, पण जे बोलेल ते ऐकणाऱ्याला दोन दिवस पुरायचं. तिचा बाप याच कामातला. खरं तर काम शिकायचं होतं तिच्या भावाने. भावाने दोन दिवस दगड उचलले आणि तिसऱ्या दिवशी तो जो खाली शहरात पसार झाला तो लग्नाची पत्रिका घेऊनच परत आला. मग बापाने पोरीच्या हातात पहार दिली.

बापाची शिकवण एकच होती. दगड लांब असेल तर त्याची लांबी बांधाच्या आत गेली पाहिजे. बाहेरून फक्त त्याचं डोकं दिसायचं. आत गेलेलं अंग मागची माती धरून ठेवतं, आणि बांध उभा राहतो तो त्या न दिसणाऱ्या अंगावर. नवशिका माणूस हमखास उलटं करतो. लांब दगड सापडला की त्याला मोह होतो आणि तो दगड दर्शनी बाजूला आडवा लावून टाकतो. दिसायला फार छान दिसतं. एका दगडात दोन हात जागा भरते, काम भराभर पुढे जातं. पण त्या दगडाने आत काहीच धरलेलं नसतं. दोन-तीन पावसाळ्यांत बांधाला पोट सुटतं, मध्येच तो बाहेर फुगतो, आणि एके दिवशी सगळा बांध वाटेवर येऊन झोपतो.

सोळाव्या वर्षी तिने तीन दिवस खपून एक बांध घातला. बाप संध्याकाळी बघायला आला. त्याला खालच्या थरात एक आडवा लांब दगड दिसला. त्याने पहार लावली आणि वरचं सगळं खाली ओढलं. 'परत घाल,' एवढंच म्हणाला आणि हात धुवायला गेला. पुढे एकोणिसाव्या वर्षी घराखालचा, गल्लीच्या बाजूचा बांध तिने एकटीने घातला. बाप त्याच्या माथ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, खाली उतरला, चहा प्यायला आणि काहीही बोलला नाही. ज्या माणसाने कधी कौतुक केलं नाही त्याचं ते गप्प बसणं तिने जपून ठेवलं. गल्लीतून जाताना त्या बांधावर हात टेकवायची तिची सवय होती. लोकांना वाटायचं गुडघे दुखत असतील.

आणखी एक गोष्ट. त्या खोऱ्यात ज्याने बांध घातला त्याचाच तो बांध, मग जमीन कोणाचीही असो. पोट सुटलं की त्यालाच बोलावणं जायचं, चारचौघांत, आणि त्याने येऊन खाली मान घालून तो परत रचायचा. कुठला बांध कोणाचा हे सगळ्यांना तोंडपाठ. बांधवालीला असं बोलावणं एकदाही आलं नव्हतं.

तर अशी ही बाई. आता तिच्या भाच्याकडे येऊ.

बहिणीचा हा मुलगा सात वर्षं शहरात मोबाइलच्या दुकानात होता. दुकान बंद पडलं तसा तो गावात परतला आणि त्याने नवाच उद्योग काढला. कॅमेरेवाल्या पाहुण्यांना गावात आणायचं आणि 'डोंगरातलं रोजचं जीवन' दाखवायचं. पोरगा वाईट नव्हता. तोंडाचा गोड होता, कष्टाळू होता, आणि आई आजारी असताना लहानपणची दोन वर्षं मावशीच्याच घरी वाढलेला होता. तो 'मावशी' म्हणून दारात उभा राहिला की बांधवालीला नाही म्हणता येत नसे. तिचा घात झाला तो इथे.

हे रोजचं जीवन कसं असायचं तेही ऐका. पाहुणे नऊ वाजता यायचे, म्हणून भाचा सात वाजता गावभर फिरून रोजचं जीवन झाकून ठेवायचा. निळ्या प्लास्टिकच्या टाक्यांवर पोती टाका. दोरीवरचे रंगीत टी-शर्ट काढा. मोटरसायकल गोठ्यात घाला. जिच्या घरात दोन नळ आहेत तिने डोक्यावर घागर घेऊन चढावरून यायचं. सुताराने विजेवरचा रंधा लपवून आजोबांचा हातरंधा बाहेर काढायचा, आणि तो चालवता येत नसल्यामुळे नुसता धरून बसायचं. म्हणजे माणसं खरोखर जे करतात ते सगळं आत, आणि जे त्यांनी सोडून जमाना झाला ते बाहेर. वर त्यावर पाटी, रोजचं जीवन.

बांधवालीचा नवरा घरजावई. त्याच्याकडे आवाज होता, जमीन नव्हती. लग्नानंतर तो आपला आवाज घेऊन सासऱ्याकडे राहायला आला. गाव त्याला रेडिओ म्हणायचं, कारण त्याचं बंद करायचं बटण कोणाला सापडलं नव्हतं. भाच्याने त्याला उंबऱ्यावर बसवलं, डोक्यावरची बियाण्यांच्या कंपनीची टोपी काढून घेतली आणि बजावलं, 'काका, बोलायचं नाही. लांब बघायचं.' रेडिओ अर्धा तास लांब बघत बसला. एवढ्या वर्षांच्या संसारात तो विचार करताना दिसला तो त्या दिवशी.

त्या दिवशी आलेला कॅमेरेवाला मोठा माणूस होता. त्याची प्रदर्शनं भरायची, त्याच्या हाताखाली लोक शिकायचे. तसा भला होता, हे कबूल केलं पाहिजे; बोलणं हळू, हसणं मोकळं, गावातल्या म्हाताऱ्यांना वाकून नमस्कार. बांधवाली वरच्या वाटेवरचा ढासळलेला बांध घालत होती. खरं काम, खरी जागा. त्याने आधी तिला बूट काढायला लावले, कारण हिरवा रंग फोटोत डोळ्यांना टोचतो. दगडाच्या कामात अनवाणी उभं राहणं म्हणजे एखादं बोट देऊन टाकण्याची तयारी, पण ते त्याला कुठे माहीत असणार. मग हातमोजे गेले. मग तिने हातभर लांबीचा एक दगड उचलला आणि तो त्याच्या मनात भरला.

'हं, आजी, असंच थांबा,' तो म्हणाला. 'ढग जाऊ दे. प्रकाश चांगला येईपर्यंत दगड धरून ठेवा.'

ती त्याची आजी नव्हती. त्याच्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठी असेल. पण ती थांबली. दगड अर्ध्या पोत्याच्या वजनाचा. ढगाला काही घाई नव्हती. तिचे दंड थरथरायला लागले तेव्हा त्याने त्या थरथरणाऱ्या हातांचेही चार-पाच फोटो काढून घेतले. शेवटी ऊन आलं. तिने दगड नेहमीसारखा सरळ आत सारला, आणि बाहेर फक्त त्याचं वीतभर डोकं उरलं.

'अरे, दगड गेला कुठे?' कॅमेरेवाला म्हणाला.

'बांधात.'

'पण दिसत नाही तो.'

'दिसायचं नसतंच त्याने.'

'आडवा ठेवता येईल? असा, लांबच्या लांब? आणि शेजारी तसेच अजून दोन. मस्त रेघ येईल हो.'

तिला आधी वाटलं तो थट्टा करतोय, म्हणून ती हसली. मग भाचा जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, 'मावशी, पाच मिनिटं. फोटो झाला की काढून टाक. एवढा मोठा माणूस पहिल्यांदाच आलाय गं.'

तिने तीन लांब दगड ओळीने आडवे लावले. सोळाव्या वर्षानंतर पहिल्यांदा. कॅमेरेवाल्याने तिला त्यांच्यावर तळहात ठेवायला सांगितलं, मान खाली घालायला सांगितलं, आणि तो खूश झाला. पाहुणे खाली उतरून दिसेनासे व्हायच्या आत तिने बूट चढवले, तिन्ही दगड उपसून काढले आणि सरळ करून परत लावले. चुकीचा दगड बांधात जेवणाच्या वेळेपर्यंतसुद्धा राहू द्यायचा नाही, ही बापाची शिस्त. तिच्या लेखी विषय संपला.

आठ महिन्यांनी भाचा एक भलीमोठी चौकट काखोटीला मारून घरी आला. आत तो फोटो. शहरातल्या प्रदर्शनात तो दाराएवढा मोठा लावला होता, त्याला बक्षीस मिळालं होतं, तो पर्यटकांसाठीच्या माहितीपुस्तकाच्या कव्हरवर होता आणि डोंगराच्या पायथ्याच्या बसथांब्यावरही चिकटवला होता. खाली अक्षरं होती, 'हात आणि डोंगर. पिढ्यान्‌पिढ्यांचं कौशल्य.' रेडिओला आनंद मावेना. त्याने तेवढ्यात खिळा शोधला, हातोडी शोधली, आणि पलंगाच्या वर चौकट टांगली.

बांधवालीने बघितलं. तीन दगड आडवे, ओळीने, उन्हात चमकत. त्यांच्यावर तिचाच हात, जणू ती दुनियेला सांगत होती की बघा, असं करायचं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

'हे काढ,' ती भाच्याला म्हणाली.

'इथून?'

'सगळीकडून. मी ते दगड त्याच दिवशी काढले होते. फोटोतले कोण काढणार?'

'मावशी, कोणाला काय कळतंय त्यातलं?'

'मला कळतंय.'

आणि तिलाच नव्हे. दोनच दिवसांत खोऱ्यातल्याच खालच्या गावच्या म्हाताऱ्या गवंड्याचा निरोप आला. तो उरलेल्या तिघांपैकी दुसरा. बसथांब्यावर फोटोसमोर उभं राहून तो पोट धरून हसला होता म्हणे. निरोप असा, 'बाईला सांगा, बाकडी छान झाली आहेत. आता पाठ टेकायला पण काहीतरी कर म्हणावं.' चाळीस वर्षं ज्याच्या तोंडून तिच्या कामाबद्दल ब्र निघाला नव्हता, त्याला एका फोटोने ही सोय करून दिली. ती त्या रात्री जेवली नाही. रेडिओने दोन्ही ताटं संपवली आणि फोटो किती छान आलाय ते पुन्हा सांगितलं. सकाळी चौकट भिंतीकडे तोंड करून टांगलेली होती. रेडिओने ती सुलटी केली. दुसऱ्या दिवशी ती परत उलटी. असं त्यांच्या घरात वर्षभर चाललं.

भाच्याने शेवटी तिला कॅमेरेवाल्याशी फोनवर जोडून दिलं. तिने त्याला सगळं सांगितलं, दगडाचं डोकं, दगडाचं अंग, पोट सुटणं, सगळं. एवढं ती वर्षभरात बोलत नसे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

'आजी,' तो म्हणाला, 'फोटोत दगडाकडे कोण बघतं? लोक तुमचे हात बघतात. त्या सुरकुत्या, ते कष्ट.'

'हात सगळ्यांनाच असतात. मग निदान त्याच्याखाली लिहा की हे चूक आहे. बांध असा घालत नाहीत.'

तो हसला. कुत्सितपणे नाही, प्रेमाने. 'किती गोड आहात तुम्ही,' म्हणाला.

गोड. बेचाळीस वर्षं दगडात हात घालणारी कारागीर तिच्या कामातली चूक दाखवतेय, आणि ती गोड. एखाद्या डॉक्टरचा फोटो रोग्याच्या चुकीच्या पायाला प्लास्टर घालताना छापला असता, आणि त्याने तक्रार केली असती, तर त्याला कोणी गोड म्हटलं असतं का? पण डॉक्टरकडे माणसं शिकायला जातात. डोंगरात माणसं बघायला येतात, आणि बघायला आलेल्याला वाटतं की समोरच्याला काही येत असलं तरी ते त्याला आपोआप येतं, जसं शेळीला चढता येतं. बांधवालीने फोन भाच्याच्या हातात दिला आणि त्यानंतर सहा महिने त्याच्याशी धड बोलली नाही.

मग शाळेचा बांध आला.

शाळेच्या पटांगणाच्या वर दीड पुरुष उंचीचा बांध होता. तो तिच्या बापाने घातलेला. पाण्याची नवी पाइपलाइन टाकताना कंत्राटदाराने त्याच्या पाठीमागे चर खणला, तो नीट भरला नाही, आणि पन्नास वर्षं हूं की चूं न केलेल्या बांधाला पोट सुटलं. मुलं त्याच्याच खाली खेळायची. तो पाडून नवा घालायचं ठरलं. बाप आता नव्हता; त्याचं बोलावणं तिच्याकडे येणार, हे ती धरून चालली होती. रोज शाळेवरून जाताना ती त्या पोटाकडे बघायची आणि मनातल्या मनात दगड मोजायची. आयुष्यात दुसरं काही मागायचं राहिलं असेल असं तिला वाटत नव्हतं, पण हा बांध तिला हवा होता.

सोमवारी बांधकाम खात्यातल्या इंजिनीअरबाई आल्या. तरुण, पायात चिखलाचे बूट, हातात मोजपट्टी. त्यांनी आधी पोट मोजलं, मागचा चर बघितला, कंत्राटदाराला उद्देशून एक सणसणीत शब्द वापरला, आणि मग बांधवालीच्या घरी आल्या. भाचा तिथेच होता. दुपारी तोच कॅमेरेवाला सहा शिकाऊ लोकांना घेऊन येणार होता, म्हणून मावशीची समजूत काढायला भाचा सकाळपासून उंबऱ्यावर बसला होता. रेडिओने खुर्ची पुसून दिली आणि बोलायला सुरुवात केली. इंजिनीअरबाईंनी बॅगेतून माहितीपुस्तक काढलं आणि कव्हर समोर धरलं.

'बाई, हे हात तुमचेच ना?'

'माझेच.'

'मग बांधही तुमचाच. तीन दगड ओळीने आडवे, आत एकाचंही अंग नाही.' त्यांचा आवाज चढलेला नव्हता. 'कोरडा बांध मलाही आवडतो. पाणी सोडतो, शंभर वर्षं टिकतो. पण घालणाऱ्याला येत असेल तर. शाळेच्या डोक्यावर मी हा कसा घालू देऊ? त्यापेक्षा काँक्रीट बरं. आजच्या आज मला कळवायचंय.'

बांधवाली त्यांच्याकडे बघतच राहिली. दोन वर्षांत त्या फोटोपुढे किती माणसं उभी राहिली असतील देव जाणे. सगळ्यांनी हात बघितले, सुरकुत्या बघितल्या. म्हातारा गवंडी सोडला तर दगड बघणारी ही पहिली. आणि नेमकी तीच नकार घेऊन आलेली, आणि तिचं अक्षरन्‌अक्षर बरोबर. आता रागवायचं तरी कोणावर?

तिने झालं ते सांगितलं. भाच्याने मान खाली घालून हो म्हटलं.

'असेल,' इंजिनीअरबाई म्हणाल्या. 'पण ऐकीव गोष्टीवर मी सही करू शकत नाही.'

'मॅडम, मी दुसरे फोटो काढून देतो,' भाचा पुढे झाला. 'तिने घातलेल्या सगळ्या बांधांचे. लगेच.'

'हाही फोटोच आहे ना?' त्या म्हणाल्या. 'आणि बाहेरून काय दिसणार? डोकं तेवढंच दिसतं. मागे हातभर अंग आहे की वीतभर, ते बाहेरून कोणाला कळतं?'

'कळत नाही,' बांधवाली म्हणाली. तिने दारामागची पहार उचलली. 'चला. उघडून दाखवते.'

ती घराखालच्या गल्लीत उतरली आणि एकोणिसाव्या वर्षी घातलेल्या त्या बांधापुढे उभी राहिली. रेडिओ मागोमाग आला आणि त्याच्या लक्षात आलं.

'अगं, हा नको. दुसरा कुठला तरी उघड.'

'अहो, दुसरे सगळे लोकांच्या शेतातले आहेत. हा माझा आहे.'

त्यावर रेडिओ काहीच बोलला नाही. या वेळी त्याला गप्प बसायला कोणी सांगितलं नव्हतं.

एकोणचाळीस वर्षांचा बांध सहजासहजी उघडत नाही. पहिला दगड निघायलाच तिला पाव तास लागला. पहार घातली, अंगाचा भार टाकला, परत घातली. दगड कुरकुरत बाहेर आला, आला आणि येतच राहिला. बाहेर वीतभर दिसणारं डोकं आणि मागे हातभर अंग, उन्हापावसाचा स्पर्श नसलेलं, काल फोडल्यासारखं स्वच्छ. इंजिनीअरबाई गुडघ्यावर बसल्या. त्यांनी पोकळीत खांद्यापर्यंत हात घातला, चाचपून बघितलं, मोजपट्टी लावली.

'शेजारचा,' त्या म्हणाल्या. तोही काढला. 'त्याच्या खालच्या थरातला एक.' तोही, आणि त्याच्याबरोबर वरचे आजूबाजूचे दगडही घसरून खाली आले.

बाप ज्या माथ्यावरून चालला होता तो आता गल्लीत तुकड्यातुकड्यांनी पडला होता. इंजिनीअरबाईंनी हात झटकले, कागद गुडघ्यावर ठेवला आणि सही केली.

'शाळेचा बांध तुमचा. गुरुवारी सुरू करा,' म्हणाल्या. मग उघड्या बांधाकडे वळल्या. 'हा मोडायला लागला याचं वाईट वाटतं.'

त्या गेल्या. बांधवाली भिंतीला टेकली. तिला हवं ते मिळालं होतं. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि होत नव्हता. ज्याने खोटा बांध जगभर दाखवला त्याला बक्षीस मिळालं, त्याचं एक ढेकूळही मोडलं नाही. जिने बेचाळीस वर्षं खरा बांध घातला तिला तो खरा आहे हे सांगायला स्वतःच्या हाताने मोडावा लागला. हा कुठला न्याय, हे तिने मोठ्याने विचारलं. भाच्याला विचारलं.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून पावलं आली. पुढे कॅमेरेवाला, मागे सहा शिकाऊ, प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा. मोडलेला बांध, पसरलेले दगड, धुळीने भरलेली बाई, हातात पहार, आणि गल्लीत तिरपं आलेलं ऊन. कॅमेरेवाला जागच्या जागी थांबला. त्याला खरोखर भरून आलं होतं.

'आजी,' तो हळूच म्हणाला. 'हे आत्ताच उघडलंत का? थोडक्यात हुकलं हो आमचं. अजून एक थर उघडता येईल? फक्त एकच. प्रकाश आत्ता फार सुंदर आहे.'

त्याने भाच्याकडे बघितलं. भाच्याने या वेळी 'मावशी, पाच मिनिटं' म्हटलं नाही. तो पायाखालच्या दगडांकडे बघत राहिला.

बांधवालीने पहार भिंतीला टेकवून ठेवली. 'या इकडे,' ती म्हणाली. 'कॅमेरा बाजूला करा. दोन्ही हात पुढे.'

तो कौतुकाने पुढे आला. तिने सगळ्यात आधी काढलेला तो लांब दगड उचलला आणि त्याच्या हातांवर ठेवला. तो गुडघ्यात वाकला, सावरला. कॅमेरा गळ्यात लोंबत दगडावर आपटला, पण सोडवायला हात मोकळे नव्हते. मागच्या सहाही जणांनी, शिकवलं होतं तसे, आपापले कॅमेरे उचलले.

'बापरे, जड आहे,' तो हसून म्हणाला. 'कुठे ठेवू?'

'ठेवायचा नाही. धरून ठेवा.' ती हातमोजे चढवत होती. 'प्रकाश चांगला येईपर्यंत.'

मग ती त्याच्याकडे पाठ करून खाली बसली आणि खालच्या थराचा दगड लावायला घेतला. त्याच्या हातातला दगड सगळ्यात वरच्या थरातला होता. त्याची पाळी यायला बराच वेळ होता.